चुंबळीचा गोल

मैत्रिणींनो, शाळेतून पोरं घरी येतात ती हल्ली एक फर्मान घेऊनच येतात. 'गोल आकारापासून वस्तू बनवून आणा.' मग आपली बाजारात धावपळ सुरू. कागदी ताटल्या, रंगीत कार्डशीट, टिकल्या, चमकी, डिंकाची बाटली. ताटलीचा सूर्य होतो, जुन्या सीडीचा मोर होतो, फुटक्या बांगड्यांचं तोरण होतं. दिसायला छान दिसतं, आमची त्याला काही हरकत नाही. पण ज्या घरात हा सूर्य चिकटवणं चाललेलं असतं, त्याच घरात पिढ्यान्‌पिढ्या एक गोल वस्तू बायांच्या हातानं बनत आली आहे. तिला पैसा लागत नाही, डिंक लागत नाही. प्रकल्पाच्या वहीत मात्र तिचं नाव येत नाही. ती म्हणजे चुंबळ. आजचं आमचं बोलणं तिच्या इतिहासावर आहे.

शहरातल्या लेकीबाळींसाठी आधी सांगून टाकतो. डोक्यावर घागर, पाटी, मोळी घ्यायची असली की तिच्याखाली कापडाचं जे कडं ठेवतात ती चुंबळ. फाटलेल्या लुगड्याचा पट्टा घ्यायचा, पीळ द्यायचा, चार बोटांभोवती गुंडाळायचा आणि उरलेलं टोक त्याच कड्यावर वेटोळं घालत आत खोचायचं. दोन मिनिटांचं काम. पण त्या दोन मिनिटांत जे घडतं ते समजायला थोडा विचार करावा लागतो. आपलं डोकं वरून घुमटासारखं. मातीच्या घागरीचं बूडही बाहेर फुगलेलं. दोन फुगीर वस्तू एकमेकींवर ठेवल्या तर त्या एकाच ठिपक्यावर टेकतात. सगळा भार त्या ठिपक्यावर, आणि घागर डुगडुगणार ती वेगळीच. मध्ये कडं ठेवलं की ठिपक्याचं वर्तुळ होतं. भार कड्यावर सगळीकडे वाटला जातो आणि टाळूचा मधला भाग मोकळा राहतो. पंधरा लिटरची घागर म्हणजे नुसत्या पाण्याचंच ओझं पंधरा किलो झालं. हे गणित कुठल्याही बाईला कुणी फळ्यावर शिकवलेलं नाही.

ही युक्ती एकट्या आपलीही नाही. राजस्थान-गुजरातेत हिला इंढोणी म्हणतात, कर्नाटकात सिंबी, तेलंगणात चुट्टकुदुरु. आफ्रिकेच्या दक्षिणेला झुलू लोकांत गवताच्या अशा वेटोळ्याला इंकाथा म्हणतात. त्यांच्या राजघराण्यानं एक मोठी इंकाथा राज्याच्या एकीची खूण म्हणून जपली होती, आणि १९७५ साली तिथं जी मोठी संघटना उभी राहिली तिनं नावही तेच घेतलं. बायांच्या डोक्यावरच्या वस्तूला असा मान आपल्याकडे मिळालेला आम्हाला तरी आठवत नाही. पोर्तुगालमधल्या बाया या कड्याला 'सोग्रा' म्हणत, म्हणजे सासू. डोक्यावर बसलेली, म्हणून असेल! आपल्या मराठीत चुंबळ डोक्यावरून उतरून बैठकीतही गेली. तबल्याखाली जे कापडाचं कडं असतं त्यालाही चुंबळच म्हणतात. माठाखाली ठेवतात तीही चुंबळ.

आता ही किती जुनी? कापड कुजतं, गवत कुजतं, म्हणून जुनी चुंबळ जमिनीतून निघायची नाही. पण भांडी निघतात. आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तेर हे गाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी त्याला तगर म्हणत, आणि तगर आणि पैठणचा माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जातो असं त्या काळच्या एका ग्रीक खलाशानं लिहून ठेवलं आहे. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जुन्या तेरची मातीची भांडी पाहायला मिळतात. संधी मिळाली तर मुलांना घेऊन जा. कुंभार मडकं चाकावर उठवतो आणि मग आतून आधार धरून बाहेरून थोपटत थोपटत त्याचं बूड वाढवतो. म्हणून ते गोल होतं, आणि कोपरा नसल्यामुळे चुलीवर तडकत नाही. पण गोल बुडाचं मडकं जमिनीवर सरळ उभं राहील का? लवंडणारच. त्याला ठेवायलाही कडं हवं, न्यायलाही कडं हवं. म्हणून आमचं म्हणणं असं की गोल बुडाचं मडकं जितकं जुनं, तितकीच चुंबळही जुनी असणार. मडकं करणारा कुंभार, त्याचं नाव जातीसकट इतिहासात आलं. चुंबळ करणाऱ्या बाईला कारागीर कुणी म्हटलं नाही, कारण ती स्वतःसाठीच करत होती आणि विकत नव्हती.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर बीडकरांनी आपली खजाना विहीरही आठवावी. शहरापासून पाच-सहा किलोमीटरवर, सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या राज्यात सलाबतखानानं ती बांधून घेतली. विहीर गोल आहे. विहिरी बहुधा गोलच का बांधतात? चारी बाजूंनी माती आत ढकलत असते. सरळ भिंत मध्येच फुगून ढासळते. गोल भिंतीतला प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर रेटतो आणि सगळे मिळून ती ढकल सोसतात. चुंबळीत जे वरून होतं तेच विहिरीत बाजूनं होतं. शाळेतल्या बाईंनी हे दोन्ही एकाच तासात सांगितलं तर मुलांच्या चांगलं लक्षात राहील असं आम्हाला वाटतं. फरक इतकाच की विहिरीला सलाबतखानाचं नाव आहे.

आपल्या जिल्ह्यात चुंबळीचं सगळ्यात देखणं रूप कुठं पाहायचं असेल तर तांड्यावर. बंजारा समाज पूर्वी बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहून नेणारा. मोठमोठी लष्करं त्यांच्या धान्यावर चालत. वाटेत रोज नवा मुक्काम आणि रोज नवं पाणी शोधायचं. त्या फिरत्या संसारात बाईची कला बसून करायच्या वस्तूंत नव्हती, अंगावर आणि डोक्यावर वाहायच्या वस्तूंत होती. त्यांची इंडोणी जाड सुताच्या टाक्यांनी भरलेली, कडेनं कवड्या शिवलेल्या, आणि मागे पाठीवर रुळणारा भरतकामाचा पट्टा. लग्नाकार्यात आणि सणात ती मिरवायची. कवडीचीही गंमत बघा. त्या येत मालदीवच्या समुद्रातून, आणि एके काळी बाजारात नाणं म्हणून चालत. समुद्र कधी न पाहिलेल्या बालाघाटच्या डोंगरात बाया समुद्राचा पैसा डोक्यावर वाहत होत्या. पुढं इंग्रजांच्या काळात आगगाडी आली आणि बैलांच्या पाठीवरचा व्यापार बसला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं फिरणाऱ्या माणसांवर शिक्का मारायला सुरुवात केली. तांडे डोंगरकडेला स्थिरावले, आणि त्यांतल्या कितीतरी घरांच्या हाती पुढं कोयता आला. आज तशा इंडोण्या मोठ्या शहरांत काचेच्या पेटीत ठेवलेल्या दिसतात, जुन्या वस्तूंच्या दुकानांत चांगल्या किमतीला जातात. तांड्यावरच्या घरात एखादी उरली असेल तर ती विकू नका असं आमचं तरी सांगणं आहे. विकायचीच वेळ आली तर आधी टाके पाहून घ्या, लेकीला दाखवून घ्या.

मिरवायच्या चुंबळीबद्दल एवढं बोललो. आता चिंधीच्या चुंबळीकडे येऊ, कारण आपल्या जिल्ह्याचा खरा इतिहास तिच्यावर आहे.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्या आजी अजून गावोगाव आहेत. विहिरी आटल्या, दावणी रिकाम्या झाल्या. सरकारनं कामं काढली, रस्ते, पाझर तलाव, बंडिंग, खडी फोडणं. लाल मिलो आणि सुकडी हे शब्द त्या वर्षांनी आपल्या भाषेला दिले. कामावर पुरुष खणायचे आणि बाया वाहायच्या. मुरमानं भरलेली पाटी डोक्यावर, खाली चुंबळ, आणि खड्ड्यातून भरावावर चढून जायचं. दिवसभरात किती खेपा याची नोंद कुणी ठेवली नाही, हजेरीपटावर फक्त माप लागायचं. शेतात न जाणाऱ्या, उंबऱ्याबाहेर न पडणाऱ्या घरांतल्या बायाही त्या वर्षी कामावर आल्या. चुंबळ त्यांनी तिथंच, शेजारणीकडे बघून, करायला शिकली. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेचा पुढं कायदा झाला. १९७७ साली तो मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम हे राज्यानं कायद्यानं कबूल केलं. या कायद्याचा इतिहास सांगताना मुंबईतल्या सभागृहाचं नाव घेतात, ते घ्यावंच. पण आपल्या भागातले जुने पाझर तलाव बघाल तेव्हा तो भराव पाटी पाटीनं, डोक्यावरून आलेला आहे एवढं पोरांना जरूर सांगा.

त्याच सुमाराला पाणी भरण्याची रीतही बदलली. खडकात बोअर घेऊन हातपंप बसू लागले. या पंपाच्या इतिहासात मराठवाड्याचा वाटा आहे. जालन्याला मिशनच्या माणसांनी बनवलेला पंप आणि सोलापूरला त्यावर झालेली सुधारणा यांतून पुढं इंडिया मार्क दोन हा पंप तयार झाला आणि तो देशभर, परदेशातही गेला. विहिरीच्या पायऱ्या उतरणं थांबलं. मातीच्या घागरीच्या जागी तांब्या-पितळेची, मग स्टीलची, मग प्लास्टिकची घागर आली. हलकी, न फुटणारी, बुडाला जवळपास सपाट. नळ आले तिथं तर डोक्यावर घ्यायचंच थांबलं. तेव्हा चुंबळ रुखवतात गेली. रंगीत मण्यांची, लोकरीची, आरसे लावलेली, जिच्यावर कधी घागर बसणार नाही अशी. बाईच्या डोक्यावरचं पाणी उतरलं हे फार चांगलं झालं. हस्तकला गेली म्हणून हळहळणारी माणसं आम्हाला भेटतात. त्यांनी एक उन्हाळा दोन कोसांवरून पाणी आणून बघावं, मग बोलावं.

आता कुणी म्हणेल, मग चुंबळ इतिहासजमाच झाली की. नाही झाली. दसरा झाला की आपल्या केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, गेवराई, आष्टीच्या रस्त्यांवर बघा. ट्रॅक्टरमध्ये संसार भरलेला असतो, आणि त्या बोचक्यांत कुठंतरी चुंबळीसाठी जुन्या लुगड्याचे पट्टे असतातच.

आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ज्याचं नाव घेतात तो प्रवरानगरचा कारखाना १९५० च्या सुमाराला सुरू झाला. मग नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, पुढं कर्नाटकापर्यंत कारखान्यांची रांग लागली. पाण्याच्या भागात ऊस वाढला आणि तो तोडायला आपल्या कोरड्या भागातली माणसं लागली. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती अंगावरच्या कामानं फेडायची. नवरा तोडतो, बायको पाचट काढते, मोळी बांधते, आणि मग ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्यावर चुंबळ. मोळी तीस-चाळीस किलोची. एक टन ऊस म्हणजे अशा पंचवीस-तीस मोळ्या, आणि मजुरी टनावर. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला चढवायची.

इथं सुती लुगडं का लागतं तेही सांगतो, कारण आजच्या मुलींना ते माहीत नसतं. सिंथेटिक साडीची चुंबळ घसरते. पीळ धरत नाही, केसांवर सरकते, आणि फळीवर चढताना मोळी एका बाजूला कलली की मानेला हिसका बसतो. सुती कापड घाम पितं आणि जागेवर बसतं. घरात सुती लुगडी नेसणारी शेवटची पिढी म्हातारी झाली, म्हणून आता सुती चिंधीसुद्धा जपून ठेवावी लागते. सासूचं लुगडं सुनेच्या डोक्याखाली येतं ते असं.

आणि जे डोक्यावरून चढतं ते सगळ्या शरीरातून खाली उतरतं. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. कारणं पुष्कळ आहेत. लहान वयातली लग्नं, फडात ना पाणी ना आडोसा, दुखणं आलं तर तपासायला कुणी नाही, दिवस बुडाला तर खाडा, आणि पिशवी काढली की कटकट मिटेल असं सांगणारे दवाखाने. हे सगळं चुंबळीवर ढकलता येणार नाही, ओझ्यावरही एकट्या नाही. पण गोल आकाराच्या सुंदर वस्तूंची यादी करताना ही वस्तू यादीत घेतली तर तिच्यासोबत हा आकडाही येतो. तो गाळून चुंबळ मुलांना दाखवू नये, निदान मोठ्या वर्गांना तरी.

शाळेत हाताचं काम यावं ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला परिषद भरली आणि गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण ही गोष्ट मांडली. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या, पुढं अनुताई वाघांसोबत कोसबाडच्या टेकडीवर. महागडी परदेशी साधनं परवडत नाहीत म्हणून त्यांनी बिया, शंख, पानं, माती, जे गावात मिळतं त्यातून साधनं केली. कोठारी आयोगानं १९६६ साली कार्यानुभव हा शब्द धोरणात आणला. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, की मुलाच्या घरात जे काम चालतं ते वर्गात यावं. आणि आपण काय केलं? ताराबाईंना नको होतं तेच बाजारातून आणायला लावलं. ज्या पोराचे आईबाप फडात आहेत आणि जे आजीजवळ राहून शाळा करतंय, त्याची आजी कार्डशीट कुठून आणणार? चुंबळ तिला येते.

म्हणून शाळेतल्या बाईंना आणि सरांना आमचं सांगणं असं. एक तास चुंबळीला द्या, आणि मुलगे-मुली दोघांनाही करायला लावा. प्रत्येकानं घरून एक सुती पट्टा आणायचा, चार बोटं रुंद आणि दोन-अडीच हात लांब. एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं पीळ द्यायचा. पीळ कमी पडला तर कडं दबून चपटं होतं, जास्त झाला तर ते डोक्याला टोचतं. झालेल्या कड्यावर आधी तांब्या ठेवून चालायचं, मग पाण्यानं भरलेली कळशी. हात न लावता दहा पावलं चालता आलं की चुंबळ पास. त्यानंतर हवं तर रंगीत चिंध्यांचे वेढे घाला, मणी लावा, कवड्या शिवा.

मग एक दोरी घ्या. दोरीनं चुंबळीचा बाहेरचा घेर मोजा, आणि पट्टीनं ह्या कडेपासून त्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. अंतर १४ सेंटिमीटर आलं तर घेर ४४ च्या जवळ येईल. कुणाची लहान असो, कुणाची मोठी, घेराला अंतरानं भागलं की तीनच्या थोडं वर येणार, साधारण बावीस सप्तमांश. हाच आकडा भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त व्यवहारापुरता म्हणून दिला आहे. अधिक बारीक हिशेबासाठी त्यांनी ३९२७ भागिले १२५० सांगितलं. भास्कराचार्यांचं गाव विज्जलविड, आणि ते म्हणजे आपलं बीडच असं म्हणणारे अभ्यासक आहेत. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाच्या काळातला शिलालेख मिळालेला असल्यामुळे आम्हाला तिकडचं पारडं जड वाटतं. पण मुलांना हा वाद जरूर सांगा, त्यांना मजा येते. कापडाचं कडं दबतं, म्हणून उत्तर थोडं मागंपुढं होईल. घाबरू नका. दहा मुलांची मापं फळ्यावर लिहा आणि सरासरी काढा.

आणि चुंबळ शिकवायला बाहेरून कुणाला आणायची गरज नाही. पीळ किती द्यायचा, टोक कुठं खोचायचं, मोळी कलली तर मान कशी धरायची हे ज्यांना नेमकं माहीत आहे त्या बाया आपल्याच गल्लीत राहतात. त्यांना वर्गात बोलवा, खुर्ची द्या, मुलांना त्यांना प्रश्न विचारू द्या. फक्त हा तास दसऱ्याच्या आत घ्या. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात, आणि त्या परत येईपर्यंत चैत्र उजाडतो.